घरी बांधलेल्या विमानाच्या पंखाचे फाटलेले कापड : तपासणीपासून शेवटच्या थरापर्यंत

मे महिन्याच्या अखेरीस वळवाच्या वादळात आमच्या शेडचा एक पत्रा निसटला आणि त्याचा कोपरा माझ्या दोन आसनी विमानाच्या डाव्या पंखात वरच्या बाजूने घुसला. पंखाला आकार देणाऱ्या दोन रिबांच्या, म्हणजे फासळ्यांच्या, मधोमध काटकोनात फाटलेले, दोन्ही बाजूंना काही इंच लांबीचे भोक पडले. प्रत्यक्ष ठिगळ लावण्याचे काम चार सकाळींचे होते. तपासणी, सामान आणि योग्य हवामान यांची वाट पाहण्यात मात्र नागपूरचा अख्खा पावसाळा गेला. हे विमान लाकडी रिबांचे आणि पॉलिएस्टर कापडाचे आहे, त्यामुळे पुढील विवेचनाचा भर त्याच पद्धतीवर आहे. डेक्रॉन या पॉलिएस्टर कापडाच्या शिवलेल्या खोळी चढवलेल्या मायक्रोलाइट, म्हणजे अतिहलक्या, विमानांना हा लेख लागू नाही. त्यांच्या खोळींवर डोप (कापडावर लावून वाळवायचे, ते ताठ करणारे लुकण) किंवा गोंदाचे थर नसतात आणि त्यांची दुरुस्ती वेगळ्या रीतीने होते.

ठिगळ लावावे की नाही

ठिगळाचे बळ ते ज्या जुन्या कापडाला चिकटते त्या कापडापेक्षा कधीही जास्त नसते, म्हणून पहिला प्रश्न भोक कसे बुजवावे हा नसून भोवतालचे कापड अजून उडण्याजोगे आहे का, हा आहे. अमेरिकेच्या फेडरल एव्हिएशन ॲडमिनिस्ट्रेशनची 43.13-1बी ही मार्गदर्शक पुस्तिका जगभर या कामासाठी प्रमाण मानली जाते. त्या पुस्तिकेचा निकष असा की कापडाची ताकद नव्या कापडाच्या 70 टक्क्यांच्या खाली गेली की ते बदलावे. जुन्या ग्रेड-ए सुती कापडाची मूळ ताकद एक इंच रुंदीच्या पट्टीमागे 80 पौंड असे, म्हणून त्याची किमान मर्यादा 56 पौंड, म्हणजे साधारण साडेपंचवीस किलो येते. कमी वेगाच्या आणि पंखांवर हलका भार असलेल्या विमानांसाठी 65 पौंडांचे कापड चालते आणि त्याची किमान मर्यादा 46 पौंड, म्हणजे सुमारे 21 किलो आहे. एक गोष्ट लक्षात ठेवावी की सुती कापडाच्या जागी दणकट पॉलिएस्टर बसवले, तरी मर्यादा त्या विमानाला मुळात लागणाऱ्या कापडावरूनच ठरते.

ही चाचणी घरी करता येते, आणि अपघाताने फाटलेले कापड कापून काढावेच लागत असल्याने नमुनाही आपोआप हाती येतो. त्या तुकड्यावरचे थर द्रावकाने पूर्ण उतरवावेत, कारण रंगाच्या थराचा ताठरपणा आपल्याला मोजायचा नाही. मग सहा इंच लांब आणि सव्वा इंच रुंद पट्टी कापून दोन्ही कडांचे धागे उसवत ती बरोबर एक इंचावर आणावी, दोन्ही टोके रुंद लाकडी फळ्यांत आवळावीत आणि खाली मोठी बादली टांगून तीत हळूहळू पाणी ओतावे. पाण्याचा एक लिटर म्हणजे एक किलो, हा हिशेब सोपा आहे. बादलीचे आणि खालच्या फळ्यांचे वजन त्यात मिळवायला विसरू नये. भोक पंखाच्या खालच्या बाजूला पडले असेल तर तेथील नमुन्यावर भरवसा ठेवू नये. पंखाची वरची बाजू आणि विशेषतः गडद रंगाचा पट्टा यांवर सर्वांत जास्त ऊन पडते आणि कापड तेथेच आधी कमजोर होते. विदर्भात उघड्यावर उभ्या राहिलेल्या विमानाच्या बाबतीत तर मी वरच्या बाजूची एक लहान पट्टी मुद्दाम कापून घेण्याच्या मताचा आहे. एक जास्तीचे ठिगळ लावावे लागले तरी चालेल.

पंखावर नेमके काय आहे

विमान स्वतः बांधलेले असेल तर बांधणीच्या नोंदवहीत उत्तर सापडते. विकत घेतलेल्या विमानात मात्र ते शोधावे लागते. कापड सुती की पॉलिएस्टर हे ओळखण्याची रीत गांधीबागेतल्या कोणत्याही जुन्या कापड व्यापाऱ्याला ठाऊक असते. थर उतरवलेला एक धागा, विमानापासून आणि द्रावकांच्या डब्यांपासून लांब जाऊन, पेटवून पाहावा. सुताची कागदासारख्या वासाची मऊ राख होते, तर पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी बनतो.

वरच्या थरांची ओळख त्याहून महत्त्वाची आहे. मिथाइल इथाइल कीटोन, म्हणजे ज्याला सगळे एमईके म्हणतात, त्यात भिजवलेले फडके एखाद्या आडबाजूच्या जागी घासावे. पॉली-फायबर या कंपनीच्या पद्धतीचे व्हिनाइल थर त्यात विरघळून फडक्याला लागतात, पण पक्का झालेला पॉलियुरेथेन रंग विरघळत नाही आणि तो घासूनच काढावा लागतो. नायट्रेट आणि ब्युटिरेट हे डोपचे दोन प्रकार थिनरने मऊ पडतात. त्यांच्याबाबत पक्का नियम असा की नायट्रेटवर ब्युटिरेट बसते, पण ब्युटिरेटवर नायट्रेट कधीही लावू नये, कारण ते पकड धरत नाही. ज्या पद्धतीचे थर पंखावर आहेत त्याच पद्धतीचा गोंद, प्रायमर आणि रंग वापरावा, आणि त्या उत्पादकाची पुस्तिका या लेखापेक्षा वेगळे सांगत असेल तर पुस्तिकेचेच ऐकावे.

बाजारातले पॉलिएस्टर का चालत नाही, हे मला इतवारीच्या एका दुकानात बराच वेळ समजावून सांगावे लागले होते. कपड्यांसाठीचे पॉलिएस्टर गिरणीतच उष्णतेने स्थिर केलेले असते, जेणेकरून इस्त्रीखाली ते आटू नये. विमानाचे कापड मुद्दाम तसे स्थिर केलेले नसते, कारण इस्त्रीने आटून ताठ होणे हाच त्याचा गुण आहे. एम्प्रेस मिल 1877 साली जेथे सुरू झाली आणि केंद्रीय कापूस संशोधन संस्था आज जेथे आहे, त्या नागपुरात विमानाचे कापड मात्र बाहेरून मागवावे लागते, याची मला खंत वाटते. कापडासोबत गोंद, प्रायमर, ऊन अडवणाऱ्या चंदेरी थराचा रंग आणि कातरलेल्या कडांच्या पट्ट्या एकदमच मागवाव्यात. द्रावकमिश्रित माल ज्वलनशील म्हणून वाहतुकीत रखडतो, आणि आल्यावर तो नागपूरच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये ठेवला तर मुदतीआधीच घट्ट होतो. मी गोंदाचा डबा घराच्या तळमजल्यावर, देवघरापासून आणि स्वयंपाकघरापासून लांब, सर्वांत थंड खोलीत ठेवतो.

भोकातून आत पाहणे

भोक म्हणजे पंखाच्या आत डोकावण्याची एरवी न मिळणारी संधी आहे, म्हणून ते बुजवण्याची घाई करू नये. विजेरी आणि दांड्याचा लहान आरसा घेऊन दोन्ही बाजूंच्या रिबा, स्पारचा (पंखाच्या मुख्य लांब दांड्याचा) दिसणारा भाग, आतल्या तिरप्या तारा, एलेरॉनची (विमान कलवणाऱ्या, पंखामागच्या हलत्या पृष्ठाची) केबल आणि वेग मोजणारी पिटो नळी असा क्रम धरून पाहावे. लाकडात ताजी फूट असेल तर ती फिकट रेषेसारखी दिसते, आणि गोंदाचा जोड सुटला असेल तर बोटाने हळूच दाबल्यावर तेथे हालचाल किंवा बारीक आवाज जाणवतो. धातूच्या रिबांत वाकलेली कडा आणि रिव्हेटभोवतीची काळी भुकटी शोधावी.

कापडाचे भोक लहान आणि रंगावर मात्र भोवताली वर्तुळाकार तडे, असे दिसले तर तेथे बोथट आणि जोराचा मार बसला आहे असे समजावे आणि आतला सांगाडा दुप्पट काळजीने तपासावा. आमच्याकडे आणखी दोन गोष्टी हमखास सापडतात. पहिली म्हणजे कुंभारमाशीची मातीची घरटी; ती ओल धरून ठेवतात आणि एलेरॉनच्या कप्पीजवळ असतील तर केबल अडवू शकतात. दुसरी म्हणजे उंदरांचा वावर. उंदराच्या मुतामुळे ॲल्युमिनियम खाल्ले जाते आणि लाकूड काळे पडते, म्हणून नुसती घाण झाडून न थांबता तो भाग धुऊन, वाळवून, उजेडात पुन्हा पाहावा. सांगाड्याला इजा झालेली असेल तर ती आधी दुरुस्त करावी आणि त्यासाठी भोक मोठे करावे लागले तर खुशाल करावे. अर्धवट दिसलेल्या रिबेवर अंदाजाने गोंद सोडण्यापेक्षा एक फूट कापड कापणे केव्हाही बरे.

आपल्या विमानाची तपासणी करणाऱ्या अभियंत्याला याच टप्प्यावर बोलवावे. कापड बंद झाल्यावर त्याला दाखवण्यासारखे काही उरत नाही. छायाचित्रे काढताना शेजारी मोजपट्टी ठेवावी.

मापे

फाटलेल्या कडा जशाच्या तशा ठेवून वर ठिगळ चिकटवू नये. फाटीचे टोक आणि प्रत्येक कोपरा येथे ताण एकवटतो आणि फाट ठिगळाखालून पुढे सरकते. म्हणून खराब भाग गोल किंवा लंबगोल आकारात, गुळगुळीत कडेने कापून काढावा. 43.13-1बी पुस्तिकेनुसार, कमाल अनुज्ञेय वेग ताशी 150 मैलांपेक्षा जास्त नसलेल्या विमानांवर, कोणत्याही दिशेने 16 इंचांपेक्षा मोठी नसलेली इजा न शिवता, केवळ चिकटवलेल्या ठिगळाने दुरुस्त करता येते. भोक आठ इंचांपर्यंत असेल तर ठिगळाची सर्व बाजूंनी किमान दोन इंच चढण, म्हणजे जुन्या कापडावर येणारी कड, हवी. त्याहून मोठ्या भोकाला चढण भोकाच्या व्यासाच्या एक चतुर्थांश, पण चार इंचांपेक्षा जास्त नाही. माझ्या पंखात कापून साफ केलेले भोक पाच इंचांचे झाले, म्हणून ठिगळ नऊ इंच व्यासाचे घेतले. दोन रिबांमधले अंतर बारा इंच असल्याने ते मध्ये नीट मावले.

भोक रिबेवरून जात असेल, किंवा चढणीची कड रिबेपर्यंत पोहोचत असेल, तर ठिगळ रिबेच्या पलीकडे किमान तीन इंच न्यावे लागते आणि ते वाळल्यावर रिबेला नव्याने बांधावे लागते. जुना दोरा आणि त्याखालची पट्टी काढायची नसते; त्यांच्यावरूनच नवी मजबुतीची पट्टी टाकून, लांब सुईने पंखाच्या आरपार, मेण लावलेल्या दोऱ्याचे टाके घालतात. उड्डाणात पंखाच्या वरच्या बाजूचे कापड बाहेर खेचले जाते आणि ते रिबेला धरून ठेवणारा हाच दोरा असतो, म्हणून दोन टाक्यांमधले अंतर मूळ अंतरापेक्षा जास्त कदापि ठेवू नये. तुमच्या विमानात दोऱ्याऐवजी रिव्हेट किंवा स्क्रू असतील तर तेच, तेवढ्याच अंतरावर वापरावेत. इजा लीडिंग एजला, म्हणजे पंखाच्या पुढच्या कडेला, लागून असेल तर ठिगळाची पुढची कड वाऱ्याच्या तोंडावर उघडी राहू देऊ नये; ती पुढून वळवून खालच्या बाजूला न्यावी.

एलेरॉन आणि शेपटीच्या हलत्या पृष्ठांबाबत एक वेगळा इशारा आहे. तेथे बिजागरीच्या मागे वाढलेले थोडेसे वजनही फ्लटर, म्हणजे पृष्ठाची अनियंत्रित फडफड, घडवू शकते. म्हणून त्यांच्यावरच्या दुरुस्तीनंतर समतोल पुन्हा तपासल्याशिवाय उड्डाण करूच नये.

जागा साफ करणे

हा सर्वांत कंटाळवाणा टप्पा आहे आणि ठिगळे सुटतात ती बहुतेक येथल्या आळसामुळेच. प्रथम साबणाच्या पाण्याने धूळ आणि मग तैलनाशक द्रावकाने मेण व इंजिनाच्या तेलाचा अंश काढावा. हे न करता आधी पॉलिशपेपर फिरवला तर मेण कापडाच्या विणीत घासले जाते. त्यानंतर चढणीच्या पट्ट्यापेक्षा अर्धा इंच जास्त भागावरचा रंग आणि चंदेरी थर उतरवावा. फडके एमईकेमध्ये भिजवून पिळून घ्यावे, ओलेचिंब ठेवू नये, कारण वाहून गेलेले द्रावक आसपासचे जुने जोडही मऊ करते. पॉलियुरेथेन घासताना आतून हाताचा किंवा गुळगुळीत फळीचा आधार द्यावा, अन्यथा कापड खाली दबून रिबेच्या कडेवर कापले जाते. कापडाचे धागे लवदार दिसू लागले की पॉलिशपेपर थांबवावा.

एमईके आणि नायट्रेट डोप यांच्या वाफा झटकन पेट घेतात. नायलॉनचे कपडे घालून कोरड्या हवेत कापड घासले की स्थिर विजेची ठिणगी पडू शकते, म्हणून सुती कपडे घालावेत, विमान जमिनीशी तारेने जोडावे आणि कूलर, पंखा किंवा दिव्याचे बटण वाफांच्या जागेत दाबू नये. सेंद्रिय वाफांसाठीचा कार्ट्रिजचा मास्क लागतो. करोनाकाळातला कापडी किंवा कागदी मास्क येथे निरुपयोगी आहे. पॉलियुरेथेन रंगात आयसोसायनेट ही विषारी रसायने असतात, त्यामुळे त्याच्या फवारणीला बाहेरून हवा पुरवणारा मास्क हवा. तो नसेल तर तो रंग घरी फवारू नये.

चिकटवणे आणि इस्त्री

ठिगळाची कड झिगझॅग कात्रीने कापावी, त्यामुळे धागे उसवत नाहीत आणि कड सुटण्याचा संभव कमी होतो. ते जागेवर ठेवून पेन्सिलीने हलकी खूण करावी. बॉलपेन किंवा मार्करची शाई पुढच्या प्रत्येक थरातून वर येते. चढणीच्या पट्ट्यावर गोंदाचा एक थर लावून वाळू द्यावा, मग दुसरा ओला थर थोड्या-थोड्या भागात लावत ठिगळ त्यात दाबत जावे आणि बोटाने हवा बाहेर काढावी. कापड सुरकुतीविना, पण ओढून न ताणता ठेवावे. ताण इस्त्री देईल. गोंद सर्वत्र सारखा झिरपून विणीतून वर आलेला दिसला पाहिजे. कोरडा पांढुरका डाग राहिला असेल तर तेथे पकड नाही, असे समजून वरून थोडा गोंद घालून पुन्हा दाबावे. हे काम रात्रभर वाळू द्यावे.

इस्त्रीचे तापमान नुसत्या तबकडीवरच्या आकड्यावर सोडू नये. चकचकीत तळावर इन्फ्रारेड थर्मामीटर चुकीचे वाचन देतो, म्हणून तळाला टेकवून मोजणारा थर्मामीटर वापरावा, तापमानाचे वरखाली होणारे दोन-तीन फेरे पाहून सरासरी घ्यावी आणि तबकडीवर खूण करून ठेवावी. पॉली-फायबर पद्धतीत ठिगळाच्या कडा सपाट करण्यासाठी सुमारे 107 अंश सेल्सिअस, पहिल्या आटवणीला 121 अंश आणि शेवटच्या आटवणीला 177 अंश तापमान धरतात. 177 अंशांच्या वर गेल्यास कापड ताठ होण्याऐवजी सैल पडू लागते आणि तो सैलपणा परत काढता येत नाही. शेवटच्या तापमानाची इस्त्री ठिगळाच्या मोकळ्या मध्यभागावरच फिरवावी. चिकटवलेल्या पट्ट्यावर ती नेल्यास गोंद मऊ होऊन जोड सरकतो, आणि रंग असलेल्या जुन्या भागावर नेल्यास थर फुगतात. हॉट एअर गन अजिबात वापरू नये, कारण तिचे तापमान कापडावर नेमके किती पडते हे कळत नाही.

सुती कापडाला इस्त्री लागत नाही. ते डोपनेच आटते आणि त्याच्या ठिगळालाही डोपच चिकटवते.

थर, आणि नागपूरची हवा

पहिला प्रायमर ब्रशनेच लावावा, फवारू नये, कारण त्याने विणीत शिरून प्रत्येक धाग्याला वेढले पाहिजे. तो वाळल्यावर ठिगळाच्या कडेवरून कातरलेल्या कडांची पट्टी बसवावी, तिच्या कडा 107 अंशांच्या इस्त्रीने दाबाव्यात आणि प्रायमरचा दुसरा हात द्यावा. त्यानंतरचे चंदेरी थर दुरुस्तीचे आयुष्य ठरवतात. त्यांतील ॲल्युमिनियमची भुकटी सूर्याचे अतिनील किरण अडवते, आणि ती पुरेशी नसेल तर वरचा रंग कितीही सुंदर असला तरी कापड खालून कुजत जाते. दोन-तीन आडवे-उभे हात दिल्यावर रात्री आतून विजेरी लावून पाहावे. उजेड आरपार दिसत असेल तर अजून एक थर हवा. रंगाच्या जुळणीवर मी फारसा वेळ घालवत नाही. थोडा वेगळा दिसणारा गोल डाग पुढच्या तपासणीत दुरुस्तीची जागा लगेच दाखवतो.

डोपसाठी आदर्श हवा साधारण 18 ते 24 अंश तापमानाची आणि 20 ते 60 टक्के आर्द्रतेची मानतात. नागपुरात मे महिन्यात पारा 45 अंशांपलीकडे जातो. तेव्हा फवाऱ्यातला थेंब पंखापर्यंत पोहोचण्याआधीच अर्धा वाळतो आणि थर खरखरीत, पकड नसलेला बसतो. जून ते सप्टेंबर याच्या उलट त्रास होतो. द्रावक उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतली ओल त्यावर जमते आणि डोपवर पांढुरकी झाक येते. ही झाक केवळ दिसण्यातला दोष नसून कमजोर थराची खूण आहे. उशिरा वाळवणारा थिनर दोन्ही अडचणींत काहीसा मदत करतो, पण मी नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या सकाळी अकराच्या सुमारासची वेळच निवडतो. तोवर भोक उघडे राहू नये म्हणून आत कीटक व पाणी जाणार नाही असा स्वच्छ प्लास्टिकचा तुकडा रंग असलेल्या भागावरच मास्किंग टेपने लावावा, आणि त्या अवस्थेत विमान उडवू नये.

दुरुस्ती झाल्यावर

ट्रेलिंग एजच्या, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेच्या, खालच्या बाजूची पाणी निचऱ्याची भोके ठिगळाने किंवा रंगाने बुजली नाहीत ना, हे काडी घालून पाहावे. बोटांनी टिचकी मारल्यावर ठिगळ आणि शेजारचे कापड यांचा आवाज जवळपास सारखा यायला हवा. लॉगबुकात भोकाची जागा आणि माप, कापडाच्या चाचणीचा आकडा, वापरलेली पद्धत, डब्यांवरचे बॅच क्रमांक आणि तारीख लिहावी, आणि अभियंत्याची सही घ्यावी.

पहिले उड्डाण धावपट्टीच्या आसपास, कमी वेगाने आणि शांत हवेत करावे. उतरल्यावर लगेच, इंजिन गार होण्याची वाट न पाहता, ठिगळाच्या सगळ्या कडांवरून, विशेषतः वाऱ्याकडच्या कडेवरून, नख फिरवावे. नख कुठेही अडकले तर ती कड उचलून, साफ करून, पुन्हा चिकटवेपर्यंत विमान उभेच ठेवावे. माझ्या ठिगळाची मागची कड पहिल्या तासानंतर पाव इंच उचललेली सापडली, आणि त्या जागी चंदेरी थराखाली मेणाचा पुसट तुकतुकीतपणा दिसला. मी ती चढण उलगडून सबंध पट्टा पुन्हा तैलनाशकाने धुतला. दुसऱ्यांदा लावलेली कड दहा तासांच्या उड्डाणानंतरही घट्ट आहे, आणि पुढची तपासणी पंचविसाव्या तासाला नोंदवून ठेवली आहे.